सरकारी रुपयाचा माग

पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरात ‘एकबेरीज दफ्तर’ नावाची एक शाखा होती. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे एकत्र येत. जमा, खर्च आणि शिल्लक यांचे तर्जुमे तेथे तयार होत आणि खर्चाच्या बाबी वर्षानुवर्षे ताडून पाहता याव्यात म्हणून खतावण्या मांडल्या जात. ‘एकबेरीज’ हे नावच बोलके आहे. राज्यात पैसा कोठेही खर्ची पडो, शेवटी त्याची एक बेरीज झाली पाहिजे, अशी ती धारणा. बोरू, दौत आणि मोडी लिपी एवढ्या साधनांवर चाललेल्या त्या कचेरीला जो प्रश्न नित्य सोडवावा लागे, तोच प्रश्न एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत सरकारपुढे उभा होता आणि त्याचे उत्तर सरकारपाशी नव्हते. योजनांसाठी दिलेल्या पैशांपैकी आजच्या तारखेला प्रत्यक्ष खर्च किती झाला, आणि उरलेला पैसा कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात पडून आहे?

सामान्य वाचकाला हे अतिशयोक्त वाटेल. ज्या सरकारला अवकाशात उपग्रह सोडता येतात, त्याला आपल्याच पैशाचा ठावठिकाणा ठाऊक नसावा? परंतु हा दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नव्हता. तो हिशेबाच्या पद्धतीतच मुरलेला होता. एखाद्या गृहस्थाने वाणसामानासाठी मुलाच्या हाती हजार रुपये दिले आणि त्याच क्षणी घरखर्चाच्या वहीत ‘वाणसामान, रुपये १०००’ असे लिहून टाकले, तर वहीच्या दृष्टीने खर्च झाला. मुलाने सहाशेचे सामान आणले आणि चारशे खिशात ठेवले, की दुकान बंद म्हणून तो हात हलवत परत आला, हे वहीला कळत नाही. केंद्रीय मंत्रालयाने राज्याला किंवा एखाद्या संस्थेला अनुदान दिले की मंत्रालयाच्या लेख्यात तो ‘खर्च’ म्हणून नोंदला जातो. पुढे तो पैसा राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तेथून ग्रामपंचायतीला वा शाळेला जातो आणि प्रत्येक मुक्कामी काही दिवस, काही महिने विसावतो. तो खरोखर वापरला गेला याचा पुरावा म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र नावाचा कागद. वित्तीय वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत तो सादर करावा, असा सर्वसाधारण वित्तीय नियमांचा दंडक आहे. म्हणजे नियम तंतोतंत पाळला गेला तरी बातमी वर्षभर शिळी.

राजीव गांधींनी १९८५ मध्ये काढलेले, रुपयातले पंधराच पैसे लोकांपर्यंत पोहोचतात हे उद्गार सर्वांना पाठ आहेत. पंधरा पैसे की आणखी काही, यावर वाद घालणे सोपे आहे. उरलेले पंच्याऐंशी पैसे नेमके कोणत्या मुक्कामी अडले वा गळले हे दाखवणारी वही त्या काळी अस्तित्वात नव्हती, ही त्याहून गंभीर गोष्ट होती. चोर सापडत नाही याचे दुःख असतेच; पण चोरी कोणत्या खोलीत झाली हेच कळू नये, ही अवस्था अधिक लाजिरवाणी.

खात्यांचे रान

या अवस्थेशी बँकांचा संबंध जुना आणि निकटचा आहे. १९७६ मध्ये केंद्राचे लेखे लेखापरीक्षेपासून वेगळे करण्यात आले आणि प्रत्येक मंत्रालयाचे वेतन व लेखा कार्यालय आपापल्या अधिकृत बँकेमार्फत देयके चुकती करू लागले. तेव्हापासून सरकारी पैसा आणि राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा यांची गाठ पक्की बसली. पुढे नव्वदच्या दशकापासून अनेक केंद्रीय योजनांचा निधी राज्याच्या कोषागारात न जाता थेट राज्य वा जिल्हा पातळीवरील नोंदणीकृत संस्थांच्या बँक खात्यांत जाऊ लागला. शिक्षण, आरोग्य आणि ग्रामविकास या तिन्ही क्षेत्रांत ही वाट रूढ झाली. हेतू चांगला होता : कोषागारातला विलंब टाळावा. परंतु परिणाम असा झाला की राज्याच्या एकत्रित निधीला वळसा पडला, विधिमंडळाच्या नजरेतून रक्कम सुटली आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांना आपल्या अहवालांतून याविषयी वारंवार लिहावे लागले.

खाती तर किती! एका योजनेचे राज्याचे खाते, प्रत्येक जिल्ह्याचे खाते, तालुक्याचे खाते, गावाचे खाते. पुन्हा योजनेच्या प्रत्येक घटकासाठी वेगळे. जुन्या शाखाधिकाऱ्यांना मार्च महिन्याचे ते दिवस चांगले आठवत असतील. ३१ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत शाखेत दिवे जळत, निधी व्यपगत होऊ नये म्हणून कोषागारातून काढलेल्या रकमा धनादेशाने या खात्यांत येऊन पडत, आणि शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट एका रात्रीत गाठले जाई. वास्तविक शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून अधिक आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये, असे अर्थ मंत्रालयाचे केंद्रीय मंत्रालयांना बजावणे फार जुने आहे. पण पैसा सरकारी तिजोरीतून निघून संस्थेच्या खात्यात बसला की तो ‘खर्च’ झालेला असे, मग तो तेथे वर्षभर का बसून राहीना.

दुसऱ्या बाजूला तेच सरकार आपली रोजची गरज भागवण्यासाठी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले विकून कर्ज उचलत असे. स्वतःचे पैसे बचत खात्याच्या दराने बँकेत ठेवायचे आणि त्याच बँकेकडून चढ्या दराने कर्ज घ्यायचे, हा व्यवहार एखाद्या किराणा दुकानदाराने केला असता तर घरच्यांनी त्याला दुकानावरून उठवले असते.

या रानात पायवाट पाडण्याचा पहिला गंभीर यत्न म्हणजे २००८-०९ मध्ये महालेखा नियंत्रकांच्या कार्यालयाने हाती घेतलेली केंद्रीय योजना संनियंत्रण प्रणाली. प्रारंभी चार राज्ये आणि चार मोठ्या योजना एवढाच तिचा पसारा होता. बँकांच्या कोअर बँकिंग प्रणालीशी तिचा संगणकीय दुवा जोडणे हे तिचे मर्म. २०१३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या देशव्यापी विस्ताराला संमती दिली आणि ‘सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली’, म्हणजेच शाखांतून सर्वतोमुखी झालेले ‘पीएफएमएस’, हे नाव रूढ झाले. २०१४-१५ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा पुन्हा राज्यांच्या एकत्रित निधीतून वाहू लागला. २०१७-१८ पासून योजना व योजनेतर खर्च हा भेदही संपला, डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्येच त्याची शिफारस केली होती. इथपर्यंतचा इतिहास सरकारी अहवालांतही वाचायला मिळतो. मात्र आकडे आणि यंत्रे आली म्हणजे नेमके काय बदलते याची चोख परीक्षा पाटण्याकडे झाली, आणि तिच्याविषयी महाराष्ट्रात फारसे बोलले जात नाही.

बिहारची परीक्षा

२०१२ च्या सप्टेंबरपासून २०१३ च्या मार्चपर्यंत बिहार सरकारने १२ जिल्ह्यांत रोजगार हमीच्या निधीसंबंधी एक प्रयोग केला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, क्लेमाँ अँबेर, संतोष मॅथ्यू आणि रोहिणी पांडे यांनी त्याचे मूल्यमापन केले. सुमारे ३ कोटी ३० लाख ग्रामीण लोकसंख्येचा हा टापू. त्यातल्या काही प्रखंडांत नवी रीत लावली, काहींत जुनीच चालू ठेवली, आणि कोठे कोणती रीत हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले.

जुनी रीत अशी : ग्रामपंचायतीने पुढच्या कामाचा अंदाज बांधून आगाऊ रक्कम मागायची, मागणी प्रखंडातून जिल्ह्याकडे जायची, पैसा त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचा. नव्या रीतीत मधल्या दोन पायऱ्या वगळल्या. ग्रामपंचायतीने झालेल्या कामाची देणी आणि ती कोणाला द्यायची ते तपशील वर सांगितलेल्या केंद्रीय प्रणालीत भरायचे, आणि तेवढीच रक्कम राज्याच्या सामाईक खात्यातून थेट पंचायतीच्या बचत खात्यात यायची. आगाऊ काही नाही. बदल एवढाच. नवा कायदा झाला नाही, मजुरीचा दर बदलला नाही, कोणाची बदलीही झाली नाही.

परिणाम मात्र विलक्षण होता. नव्या रीतीच्या प्रखंडांत योजनेचा नोंदलेला खर्च २४ टक्क्यांनी घटला. खर्च घटला म्हणजे मजुरांचे काम घटले असेल, असे कोणालाही वाटेल. पण स्वतंत्र घरोघरच्या पाहणीत लोकांना मिळालेल्या कामात आणि मजुरीत तशी घट दिसली नाही. मग पैसा कमी झाला तो कोणाचा? हजेरीपटावरील नावे प्रत्यक्ष कुटुंबांशी ताडून पाहिली तेव्हा खोट्या कुटुंबांचे प्रमाण घटल्याचे आढळले. योजना राबवणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्यांनी स्वतःच जाहीर केलेल्या मालमत्तेचा मध्यांकही खाली आला. शेवटचा निष्कर्ष वाचून बँकेच्या दक्षता विभागातल्या कोणाही अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येईल.

एवढ्यावर थांबले तर हा लेख संगणकाचे स्तोत्र ठरेल. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की मजुरांना पैसे मिळण्यातला विलंब वाढला. आगाऊ रकमेची गंगाजळी नाहीशी झाली होती, आणि पंचायतीला तपशील भरण्यासाठी संगणक, वीज आणि ते भरणारा माणूस या तिन्ही गोष्टी गाठाव्या लागत. हातावर पोट असलेल्या मजुराला खोटी नावे कमी झाल्याचे समाधान रात्रीच्या जेवणाला पुरत नाही. प्रयोग सात महिन्यांनी थांबला. पुढे २०१६ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या मजुरीसाठी केंद्राकडून थेट देयकाची पद्धत निरनिराळ्या राज्यांत लागू होत गेली. त्या कायद्यात १५ दिवसांत मजुरी देण्याची आणि विलंब झाल्यास भरपाईची तरतूद होती. तरीही विलंबाचे गाऱ्हाणे संपले नाही, ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मजुरी वेळेत देण्याची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही हे न्यायालयाला २०१८ च्या मे महिन्यात स्पष्ट करावे लागले.

बिहारच्या या दोन्ही बाजू एकत्र वाचायला हव्यात. गळती थांबवणारी यंत्रणा आणि वेळेवर पोहोचवणारी यंत्रणा एकच असते असे नाही. पहिली वरिष्ठांना हवी असते म्हणून लवकर उभी राहते. दुसरी ज्यांना हवी असते, त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत उशिरा पोहोचतो.

ठेवी गेल्या, बरे झाले

२३ मार्च २०२१ रोजी केंद्रीय व्यय विभागाने जो आदेश काढला, त्याने बँकांच्या जगात मोठी खळबळ उडाली. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेसाठी प्रत्येक राज्याने एकच नोडल संस्था नेमायची आणि तिचे एकच खाते ठेवायचे. खालच्या संस्थांना शून्य शिलकीची उपखाती. त्यांना फक्त मर्यादा ठरवून द्यायची, पैसा आईखात्यातून देयकाच्या क्षणीच जायचा. केंद्राचा वाटा एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक सोडायचा नाही आणि आधीच्या रकमेपैकी किमान ७५ टक्के खर्च झाल्याखेरीज पुढला हप्ता नाही. व्याज जमले तर तेही केंद्राच्या आणि राज्याच्या एकत्रित निधीत. २०२२ मध्ये केंद्रीय क्षेत्रातील योजनांसाठी याच धर्तीची व्यवस्था आली. २०२३ मध्ये ‘एसएनए-स्पर्श’ आली. ‘समयोचित प्रणाली एकीकृत शीघ्र हस्तांतरण’ असे तिचे भारदस्त पूर्ण नाव. तीत आईखात्याचीही गरज राहत नाही. पीएफएमएस, राज्याची वित्तीय प्रणाली आणि रिझर्व्ह बँकेची ‘ई-कुबेर’ या तिघींच्या संगनमताने (या शब्दाला येथे चांगला अर्थ आहे) पैसा देयकाच्या वेळीच एकत्रित निधीतून निघतो आणि थेट घेणाऱ्याच्या खात्यात जातो.

याचा बँकांच्या ताळेबंदावर काय परिणाम झाला हे कर्मचारी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे न मागता येणाऱ्या, स्वस्त आणि निद्रिस्त ठेवी गेल्या. त्यांच्यावर उभी असलेली अनेक शाखांची उद्दिष्टेही गेली. यावर विभागीय बैठकांतून हळहळ व्यक्त होते. ती मानवी आहे, पण तिला आधार नाही. ज्या ठेवीसाठी बँकेने कोणतीही सेवा दिलेली नव्हती, जी केवळ सरकारच्या अव्यवस्थेमुळे आपल्या दारी आली होती, ती गेल्याबद्दल सुतक पाळण्याचे कारण नाही. त्या शिलकीवर मिळणारा नफा शेवटी करदात्याच्या खिशातूनच येत होता, आणि बँकेचा ग्राहक हाही करदाताच आहे.

मात्र २५ आणि ७५ च्या नियमाबद्दल एक शंका नोंदवायला हवी. योजना एक असली तरी तिचे घटक अनेक असतात. औषधखरेदी वेगाने झाली आणि इमारतीचे काम पावसाने थांबले, तर बेरजेत ७५ टक्के भरत नाहीत. मग पुढला हप्ता अडतो आणि त्याची झळ इमारतीच्या कंत्राटदाराला लागण्याआधी मानधनावर काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला लागते. प्रणालीला सरासरी कळते. त्या सरासरीत कोण दबले हे कळण्यासाठी आकड्यांची आणखी एक घडी उलगडावी लागते, आणि ती उलगडण्याची तसदी घेणारा अधिकारी जागेवर असावा लागतो.

आकडा खरा असेल तर

डिजिटल प्रणालीची सारी भिस्त आकड्यांवर, आणि आकडा शेवटी कोणीतरी बोटाने भरलेला असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आयुष्मान भारत आरोग्य योजनेतील सुमारे ७ लाख ५० हजार लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. तो क्रमांक म्हणजे ओळीने दहा वेळा नऊ. लाभ देताना मोबाइल क्रमांकाची पडताळणी होत नाही, असा खुलासा शासनाने केला आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण ज्या रकान्याचा उपयोगच नाही तो भरण्याची सक्ती केली की भरणारा दहा नऊ टाकतो. फॉर्ममध्ये रकाने वाढवत जाणाऱ्यांनी हे दहा नऊ मेजावर लावून ठेवावेत.

पंतप्रधान किसान सन्मान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. पैसा विनासायास पोहोचला; या वेगाचे कौतुकच करावे लागेल. २०२१ मध्ये मात्र संसदेत सांगण्यात आले की सुमारे ४२ लाख अपात्र व्यक्तींना जवळपास ३ हजार कोटी रुपये गेले असून ते वसूल करायचे आहेत. नळ उत्तम होता, पाणी जोरात आले, पण भांडे कोणाचे हे आधी पाहिले नव्हते. वसुलीसाठी पुन्हा गावचा तलाठी आणि बँकेची शाखा यांनाच कामाला लागावे लागले.

याच बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव बोधक आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवले गेले आणि मग ते बँकांच्या माहितीशी जुळवण्यात आले. नावांचे स्पेलिंग, खात्यांचे क्रमांक, संयुक्त कर्जे यांच्या गुंत्यात यादी अडकली, आणि त्या दिवाळीच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यातील शाखाधिकाऱ्यांनी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा केला. कर्ज कोणाचे आणि किती हे बँकेला ठाऊकच असते. तेव्हा बँकांनीच याद्या भरल्या, शेतकऱ्याने केंद्रावर येऊन आधारच्या साह्याने आपली रक्कम बरोबर असल्याचे तेवढे सांगितले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत पहिली यादी लागली. तंत्रज्ञान दोन्ही वेळा जवळपास तेच होते. माहिती कोणाकडे मागायची, एवढा एकच विचार दुसऱ्या वेळी आधी झाला होता.

जिथे आकडा खोटा भरण्यातच कोणाचे हित असते, तिथे तर कल्पकतेला सीमा नाही. कौटिल्याने अपहाराचे ४० प्रकार मोजले. त्याला छायाचित्राची कल्पना नव्हती. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी छायाचित्रासह भ्रमणध्वनीवरून नोंदवण्याची पद्धत आली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, इतकेच नव्हे तर जुन्या छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढले जात आहे. संगणकाने ते स्वीकारले होते. ते पाहणारा माणूस नेमलेला नव्हता, किंवा नेमलेला असून पाहत नव्हता.

खिडकीपलीकडचा माणूस

केंद्राला आता रुपया दिसतो. महाराष्ट्रात ‘बीम्स’ प्रणालीमुळे विभागांचे अनुदान वाटप व त्यातून झालेला खर्च वित्त विभागाला जागेवरून पाहता येतो, आणि प्रणालीतून निघालेल्या प्राधिकारपत्राशिवाय कोषागारात देयक पुढे सरकत नाही. वरून खाली पाहण्याची सोय उत्तम झाली. खालून वर पाहण्याची सोय मात्र अजून तोकडीच आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा होऊ लागले तेव्हा महाराष्ट्रातल्या बँकांच्या दारात लागलेल्या रांगा सर्वांनी पाहिल्या. बहुतेकींचा प्रश्न एकच : ‘साहेब, पैसे आले का?’ आणि पुष्कळदा खरे उत्तर असे, की पैसे आले आहेत, पण येथे नाहीत. आधारवर आधारित देयक खाते क्रमांकावर जात नाही. राष्ट्रीय देयक निगमाच्या नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे ज्या बँकेचे नाव शेवटी लागले असेल, तिथे जाते. चार वर्षांपूर्वी कोणा प्रतिनिधीने अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत उघडलेले खाते त्या बाईच्या विस्मरणात गेलेले असते, यंत्राच्या नाही. ती गावच्या सेतू केंद्रातून तहसील कचेरीत, तेथून बँकेत आणि बँकेतून पुन्हा सेतू केंद्रात फिरत राहते. दीड हजार रुपयांसाठी तिचे चार दिवसांचे रोजगार बुडतात. प्रणालीच्या लेखी तिचे देयक ‘यशस्वी’ असते.

दुसऱ्या काही देयकांच्या कपाळी अपयश येते. खाते निष्क्रिय झालेले असते, ग्राहक ओळख नूतनीकरण राहिलेले असते, नावात ‘बाई’ एका ठिकाणी असते आणि दुसऱ्या ठिकाणी नसते. २०२० च्या विलीनीकरणानंतर शाखांचे संकेतांक बदलले, पण याद्यांत जुनेच राहिले तर रक्कम आल्या पावली परत फिरते. निष्क्रिय आणि गोठवलेल्या खात्यांची संख्या तातडीने घटवावी, कारण त्यांत सरकारी लाभ घेणाऱ्यांचीही खाती अडकली आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये बँकांना कळवले ते याच अनुभवातून. देयक परत गेल्याचे कारण प्रणालीत सांकेतिक शब्दांत नोंदलेले असते. योजना चालवणाऱ्या खात्याला ते दिसते. फक्त जिचे पैसे आहेत तिला ते तिच्या भाषेत कोणी सांगत नाही.

राजस्थानने २०१९ मध्ये ‘जनसूचना’ संकेतस्थळ सुरू करून पंचायतनिहाय आणि योजनानिहाय लाभार्थ्यांची माहिती कोणालाही न मागता पाहता येईल अशी ठेवली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे जे कलम आहे, त्याचा हा प्रामाणिक अर्थ होय. सर्व राज्यांनी हे करावे अशी अपेक्षा रास्त आहे. पण ती पुरी होईपर्यंत बँकांनी थांबण्याचे कारण नाही. सरकारच्या निद्रिस्त ठेवी गेल्यावर या साखळीत बँकेकडे जे काम उरले आहे, ते शेवटच्या हातभर अंतराचे आहे. हे काम कोणत्याही उद्दिष्टपत्रकात मोजले जात नाही, म्हणून ते कनिष्ठ लिपिकावर सोडले जाते, आणि तो बिचारा ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे सांगून वेळ मारून नेतो.

परत गेलेल्या सरकारी देयकांची एक नोंदवही शाखेत ठेवायची तर त्यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. साध्या कागदावर चार रकाने पुरतात : ग्राहकाचे नाव, योजना, रक्कम परत जाण्याचे कारण, आणि ते कारण ग्राहकाला कोणत्या तारखेला सांगितले. महिन्याच्या शेवटी शाखाधिकाऱ्याने आधी चौथा रकाना पाहावा.